अर्ध्या मिनिटाचा निरोप

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधल्या एका प्रयोगशाळेत १९६९च्या सुमारास सशाच्या महाधमनीची एक अरुंद पट्टी टांगलेली असायची. पट्टी आकसली की तिला जोडलेली तरफ हलायची आणि फिरत्या कागदावरची रेघ वर चढायची. पट्टीवर थेंबाथेंबाने खारट द्रावण पडत राही, आणि ते येई गिनिपिगच्या फुप्फुसांतून. या गिनिपिगना आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या प्रथिनाची ॲलर्जी करून दिलेली असे. तेच प्रथिन फुप्फुसांत पुन्हा सोडलं की ॲलर्जीचा झटका येई, फुप्फुसं नाना रसायनं सोडत आणि ती वाहत जाऊन खाली टांगलेल्या पट्ट्यांवर पडत. कुठली पट्टी आकसते आणि कुठली ढिली पडते, यावरून रसायनाची ओळख पटवायची, अशी ही पद्धत.

प्रिसिला पायपर आणि जॉन वेन हे दोघं हा प्रयोग करत होते. हिस्टामिनसारखी जुनी रसायनं त्यांच्या परिचयाची होती. त्यांना निष्प्रभ करणारी औषधं द्रावणात मिसळूनसुद्धा सशाची पट्टी आकसतच राहिली, म्हणजे आणखी काहीतरी वाहत येत होतं. पण ते हाती लागेना. द्रावण लांब नळीच्या वेटोळ्यातून फिरवून पट्टीपर्यंत जरा उशिरा पोचवलं, तर परिणाम ओसरून जाई. एक-दोन मिनिटांत जोर निम्म्यावर. असा पदार्थ बाटलीत भरता येत नाही, शुद्ध करता येत नाही, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. त्यांनी त्याला साधं वर्णनाचंच नाव दिलं : 'सशाची महाधमनी आकसवणारा पदार्थ'. आणि एक नोंद करून ठेवली, जिचं मोल पुढे कळायचं होतं. फुप्फुसांना आधी ॲस्पिरिन दिलं, तर हा पदार्थ बाहेरच पडत नव्हता.

हाच पदार्थ तुमच्या-माझ्या रक्तातल्या प्लेटलेटही तयार करतात. कापलेल्या बोटातून येणारं रक्त थांबतं त्यात त्याचा वाटा असतो, आणि हृदयाच्या धमनीत नको तिथे गुठळी धरते त्यातही. इतकं अल्पायुषी आणि इतकं निर्णायक रसायन शरीरात फार थोडं असेल.

प्लेटलेट हा शब्द महाराष्ट्रात दर पावसाळ्यात घरोघरी ऐकू येतो. डेंग्यूचा ताप आला की रोज रक्त तपासायचं, आकडा विचारायचा, तो लाखाखाली गेला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण दीड ते साडेचार लाख असतो, आणि तो रक्ताच्या एका मायक्रोलीटरमधला, म्हणजे एका घन मिलिमीटरमधला असतो. सगळ्या अंगातलं रक्त धरलं तर एका माणसात सुमारे एक लाख कोटी प्लेटलेट फिरत असतात. यातली प्रत्येक दोन-तीन मायक्रोमीटर रुंदीची, चपटी, गुळगुळीत. तिचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, त्यामुळे शरीराला रोज दहा हजार कोटींच्या आसपास नव्या कराव्या लागतात.

त्या करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत असतात आणि त्या राक्षसी मोठ्या असतात. नेहमीच्या पेशीपेक्षा कितीतरी पट मोठं अंग आणि आत एकाच केंद्रकात जनुकांचे अनेक संच. ही पेशी मज्जेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले लांब हात आत सोडते आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने त्या हातांचे तुकडे तुटून पडतात. तेच पुढे प्लेटलेट होतात. एका राक्षसी पेशीतून हजारांच्या घरात. बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६मध्ये हे जन्मस्थान ओळखलं. त्यात २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने भर घातली. जिवंत उंदराच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शक लावून त्यांनी पाहिलं, तर मज्जेतून निघालेल्या राक्षसी पेशी रक्तातून फुप्फुसांत येऊन तिथेच फुटत होत्या. उंदराच्या निम्म्या प्लेटलेट तिथे जन्मत असाव्यात असा त्यांचा हिशेब आहे.

तुकडा असल्यामुळे प्लेटलेटला केंद्रक नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. आईपेशीकडून जी विकरं, जी प्रथिनं, जो साठा मिळाला, त्यावर तिला जवळपास सगळं आयुष्य काढायचं असतं. असा केंद्रक नसलेला तुकडा फक्त सस्तन प्राण्यांकडे आहे. कोंबडीला, बेडकाला, माशाला जखम झाली की धावून येते ती केंद्रक असलेली पूर्ण पेशी.

या तुकड्यांचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बिझ्झोझेरो यांनी, १८८२च्या आसपास. त्यांनी गिनिपिगच्या आतड्याला धरून असलेला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला. त्यातल्या बारीक नसांमधून रक्त वाहताना दिसत होतं. मग त्यांनी एका नसेला जखम केली. तांबड्या पेशी वाहून जात राहिल्या, पांढऱ्याही सुरुवातीला दूरच राहिल्या. सगळ्यात आधी जखमेच्या कडेला येऊन चिकटले ते हे इवले, रंगहीन तुकडे. एकावर दुसरा, त्यावर तिसरा, असा ढीग वाढत गेला. त्याआधी कित्येकांनी हे तुकडे पाहून मोडक्या पेशींचा कचरा म्हणून सोडून दिले होते.

बिझ्झोझेरोंना ढीग दिसला, पण ढीग होण्याचं कारण दिसणं शक्य नव्हतं. जखमेला चिकटलेली पहिली प्लेटलेट मागून येणाऱ्यांना काहीतरी कळवते, आणि ते कळवणं रसायनांनी होतं.

ते जरा जवळून पाहू. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधोमध राहतात आणि प्लेटलेट भिंतीच्या कडेला लोटल्या जातात. म्हणजे त्या आधीच गस्तीच्या जागी असतात. भिंतीचं अस्तर शाबूत असेपर्यंत त्या नुसत्या घरंगळत पुढे जातात. अस्तर फाटलं की आतलं कोलाजेन उघडं पडतं. रक्तात व्हॉन विलेब्रँड घटक नावाचं एक लांबच लांब प्रथिन गुंडाळलेल्या अवस्थेत फिरत असतं. फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाच्या आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. हे प्रथिन उघड्या कोलाजेनला चिकटतं आणि प्रवाहाच्या ओढीने उलगडतं. प्रवाह जितका जोराचा तितकं ते जास्त उलगडतं आणि तितक्या जास्त जागा प्लेटलेटला पकडायला मिळतात. धमनीतून रक्त जोरात उसळत असतं, आणि नेमकी तिथेच ही पकड सगळ्यात जास्त लागते. इथे पाण्याचा जोरच बंधारा घालायला मदत करतो. ही रचना पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्यातून बाहेर येऊ शकलो नव्हतो.

पकडली गेलेली प्लेटलेट अडखळते, थांबते, आणि तिच्या अंगावरचा एक रिसेप्टर कोलाजेनला भिडतो. आत कॅल्शियमची लाट उसळते. चपटी तबकडी गोल फुगते, तिला चहूबाजूंनी काटेरी हात फुटतात, आणि काही सेकंदांत ती आपले साठे रिकामे करू लागते.

साठे दोन तऱ्हेचे. पन्नास ते ऐंशी मोठ्या कणिका असतात, त्यात शेकडो प्रकारची प्रथिनं : फायब्रिनोजेन, पुन्हा तोच व्हॉन विलेब्रँड घटक, जखम भरून आणणारे वाढीचे घटक. दुसऱ्या कणिका जेमतेम तीन ते आठ, पण इतक्या घट्ट भरलेल्या की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळ्याकुट्ट दिसतात. त्यात कॅल्शियम, सेरोटोनिन आणि एडीपी. सेरोटोनिन आज मनःस्थितीशी जोडून सगळ्यांना माहीत आहे, पण १९४८मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी ते शोधलं ते रक्तात. साकळलेल्या रक्ताच्या पाण्यात रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी असायचं आणि रक्तदाबाच्या त्यांच्या प्रयोगांत सारखं आडवं यायचं. ते प्लेटलेटमधून सुटलेलं असे. प्लेटलेट स्वतः सेरोटोनिन बनवत नाही. आतड्यात बनलेलं रक्तातून शोषून घेते आणि गाठीशी बांधून ठेवते.

एडीपी म्हणजे पेशींच्या ऊर्जेच्या व्यवहारातलं नेहमीचं रसायन. पेशीच्या आत ते सगळीकडे असतं, पण रक्तात मोकळं सापडलं तर अर्थ एकच, जवळपास कुठे तरी जखम झाली आहे. त्याची ताकद दाखवली नॉर्वेतल्या संशोधकांनी १९६१मध्ये. पुढच्याच वर्षी गुस्ताव बोर्न यांनी ती मोजायचं सुरेख साधं यंत्र केलं. पुंजयामिकीसाठी नोबेल मिळवणाऱ्या मॅक्स बोर्न यांचे हे चिरंजीव. प्लेटलेटने गढूळ झालेल्या रक्तद्रवातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि एडीपीचा थेंब टाकायचा. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात, मधली जागा मोकळी होते, द्रव निवळतो आणि पलीकडे पोचणारा प्रकाश वाढतो. गढूळपणा किती वेळात गेला, यावरून त्यांची चिकटण्याची तयारी कळते. या तत्त्वावरची यंत्रं आजही मोठ्या रुग्णालयांत आहेत. हृदयात स्टेंट घातल्यावर क्लोपिडोग्रेल नावाची गोळी देतात, ती प्लेटलेटवरचा एडीपीचाच एक रिसेप्टर बंद करते.

पण एडीपी आणि सेरोटोनिन हा साठवलेला माल. थ्रॉम्बोक्झेन ए२ हे तिसरं निरोपाचं रसायन मात्र प्लेटलेट गरज पडल्यावर ताजं बनवते, आणि ते बनवायला ती स्वतःच्याच कातडीतला कच्चा माल काढते. पेशीपटल मेदांचं असतं. त्यात ॲराकिडोनिक आम्ल नावाचं वीस कार्बनांचं मेदाम्ल गुंफलेलं असतं. कॅल्शियमची लाट आली की एक विकर ते कापून सुटं करतं. मग कॉक्स-१ हे दुसरं विकर त्याला ऑक्सिजन जोडून वाकवतं आणि एक अस्थिर मधला रेणू तयार होतो. तिसरं विकर या मधल्या रेणूची मांडणी बदलतं, की झालं थ्रॉम्बोक्झेन. तेलकट स्वभावाचा हा रेणू पटलातून सहज बाहेर निसटतो आणि शेजारच्या प्लेटलेटच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो. स्वतःच्याही. तिच्यात कॅल्शियमची लाट, तिचेही साठे रिकामे, तिचंही थ्रॉम्बोक्झेन बाहेर. शिवाय भोवतीच्या रक्तवाहिनीचे स्नायू याच रेणूने आवळले जातात आणि वाट अरुंद होते. सशाच्या महाधमनीची पट्टी आकसत होती ती यामुळेच.

तो रेणू पकडण्याची गोष्ट मला साऱ्या जीवरसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएलसन, मॅट्स हॅम्बर्ग आणि त्यांचे सहकारी धुतलेल्या मानवी प्लेटलेटना ॲराकिडोनिक आम्ल देऊन काय बनतं ते पाहत होते. शेवटी उरणारा एक स्थिर, निरुपद्रवी पदार्थ त्यांना मिळाला. त्याची घडण पाहून त्यांना संशय आला की मधल्या रेणूपासून इथपर्यंत एकदम येणं शक्य नाही, वाटेत आणखी कोणीतरी होऊन गेलं असणार, आणि त्याला पाण्याने मोडलं असणार. तापल्या तव्यावर पडलेला पाण्याचा थेंब असावा तसं त्याचं जिणं. मग पाण्याने मोडायच्या आत त्याला दुसऱ्या कशाने गाठलं तर? त्यांनी प्लेटलेटना फक्त तीस सेकंद काम करू दिलं आणि लगेच भरपूर मेथॅनॉल ओतलं. पाण्याच्या जागी मेथॅनॉलचा रेणू जोडला गेला आणि नवा स्थिर पदार्थ तयार झाला. नेमकं कुठल्या कार्बनवर तो जोडला गेला, हे पाहून मूळ रेणूचा ठावठिकाणा आणि आकार त्यांनी तर्काने मांडला : सहा कड्यांचं एक वलय, आणि त्यालाच लगटून चार कड्यांचं ताणलेलं दुसरं. १९७५मध्ये हे प्रसिद्ध झालं. शरीराच्या तापमानाला पाण्यात त्याचं अर्धआयुष्य निघालं सुमारे तीस सेकंद. दर अर्ध्या मिनिटाला निम्मे रेणू मोडायचे, म्हणजे पाच मिनिटांत हजारातला जेमतेम एक उरायचा. लंडनच्या पट्टीला आकसवणारा भामटा मुख्यतः हाच, हेही ठरलं.

तर्काने मांडलेला तो आकार खरा आहे याची शेवटची खात्री पटायला आणखी दहा वर्षं लागली. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्लार्क स्टिल यांच्या गटाने १९८५मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवला. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव भागवत असं आहे. बनवलेला रेणू प्लेटलेटनी बनवलेल्यासारखाच वागला.

इतकं अल्पायुषी असण्यात फायदा काय, हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. उत्तर गुठळीच्या स्वभावात आहे. एका प्लेटलेटने दहांना बोलवावं, दहांनी शंभरांना, हा प्रकार आपणहून थांबणारा नाही. पुढचा टप्पा तर आणखी भडक आहे. खूप चेतवलेली प्लेटलेट आपल्या पटलाची आतली बाजू बाहेर करते. आतल्या थरात दडलेले ऋणभारित मेद पृष्ठभागावर येतात, त्यांच्यावर रक्तातले गोठण-घटक येऊन बसतात, आणि थ्रॉम्बिन तयार होण्याचा वेग सुमारे तीन लाख पट वाढतो. थ्रॉम्बिन फायब्रिनचे धागे विणतं आणि वर प्लेटलेटनाच आणखी चेतवतं. हा वणवा जखमेपुरताच राहायला हवा. वाहतं रक्त निरोपाचे रेणू सतत धुऊन नेतं, त्यांचं प्रमाण पातळ होतं, आणि उरलेलं थ्रॉम्बोक्झेन वाटेतच मोडतं. जिथे ते सतत ताजं बनतंय तिथेच त्याचा शब्द चालतो. एडीपीचीही तीच गत, शाबूत अस्तरावर ते मोडणारं विकर जागच्या जागी बसवलेलं असतं.

अलीकडच्या वर्षांत जिवंत उंदरांच्या नसांमध्ये वाढणारी गुठळी चित्रित करता येऊ लागली आणि हे अगदी डोळ्यांना दिसलं. गुठळीचा गाभा घट्ट असतो, तिथे थ्रॉम्बिनचं राज्य. त्याभोवती सैल प्लेटलेटचं कवच असतं. त्या येतात, काही काळ धरून राहतात, सुटून वाहून जातात. हे कवच एडीपी आणि थ्रॉम्बोक्झेनवर तगलेलं असतं. निरोप येत राहिला तर त्या थांबतात, बंद झाला की निघतात.

आणि रक्तवाहिनीही गप्प बसत नाही. वेन यांनी दरम्यान वेलकम या औषधकंपनीच्या बेकेनहॅमच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं होतं. तिथे १९७६मध्ये मोंकाडा, ग्रिग्लेव्स्की आणि बंटिंग यांच्याबरोबर त्यांना आढळलं की धमनीच्या भिंतीला प्लेटलेटमधला तोच अस्थिर मधला रेणू दिला, तर ती त्यापासून उलट स्वभावाचा पदार्थ करते. प्रोस्टासायक्लिन. ते प्लेटलेटना चिकटू देत नाही आणि रक्तवाहिनी सैल करतं. म्हणजे एकाच मेदाम्लाच्या एकाच टप्प्यावरून दोन वाटा फुटतात, प्लेटलेटमध्ये गेलं की 'या' असा निरोप, भिंतीत गेलं की 'जा'. तुमच्या धमन्यांत आत्ता या क्षणी या दोघांचा तोल सांभाळला जातो आहे. सूने बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि वेन यांना १९८२चं नोबेल मिळालं ते या रेणूंच्या घराण्यासाठी.

मेदाम्ल बदललं तर निरोपही बदलतो. बँग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे संशोधक १९७०च्या दशकात ग्रीनलंडला गेले. सील, व्हेल आणि मासे खाणाऱ्या तिथल्या लोकांच्या प्लेटलेटमध्ये ॲराकिडोनिक आम्लाची बरीचशी जागा माशांच्या तेलातल्या ईपीए या मेदाम्लाने घेतली होती. त्यापासून बनणारं थ्रॉम्बोक्झेन दुबळं असतं, आणि त्या लोकांचं रक्त थांबायला जास्त वेळ लागायचा. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच्या बांगड्यात आणि तारलीतही हेच ईपीए असतं. अर्थात ग्रीनलंडच्या जुन्या आहारात त्याचं प्रमाण कितीतरी अधिक होतं.

आता ॲस्पिरिन. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना दुखणं कमी व्हावं म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगगम द्यायचे. जे ते फार चघळायचे त्यांना रक्तस्राव जास्त व्हायचा. क्रेव्हन यांनी या त्रासातून उलटा विचार केला : जे रक्त गोठू देत नाही ते हृदयविकाराचा झटका टाळू शकेल. १९५०पासून त्यांनी यावर लिहिलं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, लेख लहान नियतकालिकांत आले, आणि वैद्यकविश्वाने फारसं लक्ष दिलं नाही. कारण ठाऊक नसताना केवळ निरीक्षणाच्या बळावर ते बरोबर ठिकाणी पोचले होते.

कारण वेन यांना १९७१मध्ये सापडलं : ॲस्पिरिन या घराण्यातल्या रेणूंची निर्मितीच अडवतं. ते नेमकं कसं, हे १९७५मध्ये सेंट लुइसच्या रॉथ आणि मेजेरस यांनी दाखवलं. ॲस्पिरिन आपला एक लहान तुकडा, ॲसिटिल गट, कॉक्स विकराला कायमचा चिकटवून देतं. विकराच्या आत मेदाम्ल शिरायची जी अरुंद वाट असते, ती तिथे बुजते.

इथे ते नसलेलं केंद्रक कामाला येतं. धमनीच्या अस्तरातल्या पेशीचं विकर बाद झालं तर तिच्याकडे जनुकं आहेत, ती काही तासांत नवं बनवते आणि प्रोस्टासायक्लिन पुन्हा सुरू होतं. प्लेटलेटकडे ती सोय नाही. तिचं विकर बुजलं ते मरेपर्यंत बुजलं. म्हणून ॲस्पिरिन स्वतः रक्तातून लवकर नाहीसं झालं तरी त्याचा परिणाम प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्याइतका टिकतो. त्यात आणखी एक योगायोग. गिळलेलं ॲस्पिरिन आतड्यातून आधी यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतं, आणि तिथे वाहणाऱ्या प्लेटलेटना पूर्ण ताकदीने भेटतं. यकृतात त्यातलं बरंचसं मोडलं जातं, त्यामुळे बाकी शरीरातल्या धमन्यांपर्यंत कमी पोचतं. रोजची ७५ मिलिग्रॅमची गोळी इतकी छोटी असून पुरते ती या सगळ्यामुळे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांना डॉक्टर ती पाच-सात दिवस बंद करायला सांगतात, कारण रोज साधारण एक दशांश प्लेटलेट नव्या येतात आणि पुरेशा नव्या यायला तेवढे दिवस लागतात.

क्रेव्हन यांचं अनुमान पक्कं ठरवणारी मोठी चाचणी १९८८मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण, महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने मरण पावणाऱ्यांचं प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात ११.८ टक्के होतं, ॲस्पिरिनच्या गटात ९.४. ज्यांना असा आजार झालेलाच नाही त्यांचा हिशेब वेगळा पडतो. त्यांच्यात जठरातून किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्याच्या बरोबरीने उभा राहतो, म्हणून डॉक्टरांना न विचारता रोज ही गोळी घेऊ नये.

डेंग्यूमध्ये तर ती मुळीच घेऊ नये. ताप आणि अंगदुखी असह्य झाली तरी डॉक्टर फक्त पॅरासिटामॉल देतात, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन टाळतात, यामागे हेच सगळं रसायन आहे. विषाणूने प्लेटलेट आधीच कमी केलेल्या असतात. उरलेल्या थोड्यांची थ्रॉम्बोक्झेन बनवायची क्षमताही काढून घेतली, तर आकडा जेवढा दाखवतो तेवढंसुद्धा बळ हातात राहत नाही. तीस हजार निरोप देणाऱ्या प्लेटलेट आणि तीस हजार मुक्या प्लेटलेट, तपासणीच्या कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. रक्तस्राव होत नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, आणि डेंग्यूत त्यांची नजर बरेचदा रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या द्रवावर जास्त असते. घरच्यांना हा निवांतपणा वाटतो. तो तसा नसतो. रक्तपेढीतल्या प्लेटलेट फक्त पाचेक दिवस टिकतात. त्या फ्रिजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात. थंडीने त्यांचं अंग बदलतं आणि शरीरात गेल्यावर यकृत त्यांना लवकर उचलून घेतं. त्यांची नासाडी कोणालाही परवडणारी नाही.

अर्ध्या मिनिटात निम्मा मोडणारा रेणू रुग्णाच्या शरीरात मोजायचा तरी कसा? रक्त काढण्यासाठी सुई टोचली की तीच जखम होते आणि प्लेटलेट तिथेच नवं थ्रॉम्बोक्झेन बनवतात, म्हणजे मोजणाराच मोजमाप बिघडवतो. यावर तोडगा निघाला तो मोडलेल्या रेणूच्या अवशेषांतून. ते मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि स्थिर असतात. अमेरिकेत गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या गटाने १९८६मध्ये अस्थिर अंजायनाचे, म्हणजे छातीत वारंवार कळ येणारे रुग्ण घेतले आणि त्यांच्या लघवीचे नमुने तपासले. कळ येऊन गेली की त्यानंतरच्या बहुतेक नमुन्यांत थ्रॉम्बोक्झेनचे अवशेष उसळलेले होते. त्याच नमुन्यांत प्रोस्टासायक्लिनचेही वाढलेले होते. प्लेटलेट गोळा होत होत्या त्याच वेळी त्या रुग्णांच्या धमनीची भिंत त्यांना परतवण्याची शिकस्त करत होती.